खाराची वाट

बायांनो, शेतातली, घरातली कामं आटोपून बसला असाल, तर आज आमच्यासंगं जरा चालायला चला.

आपला परभणी जिल्हा गोदाकाठचा, काळ्या मातीचा. डोंगर पाहायचा तर जिंतूरकडं जावं लागतं. त्याच वाटेनं पुढं मंठा करत आम्ही गटाच्या बारा जणी लोणारला गेलो. लोणार बुलडाणा जिल्ह्यात येतं, पण आपल्याला काही लांब नाही. इतर ठिकाणी डोंगर चढला की तळं दिसतं. इथं सगळं उलटं. तळं दिसतं वरून, आणि गाठायला खोल खाली उतरावं लागतं. काठापासून पाण्यापर्यंत सुमारे १३७ मीटर, म्हणजे चाळीसेक मजल्यांचा जिना. आमच्यातली सत्तरीची आजी म्हणाली, "उतरणं देवाच्या हाती, चढणं आपल्या." आम्ही तिला वरच बसायला सांगत होतो, पण तिनं काठी उचलली अन् पुढं झाली.

हे तळं झालं कसं? जुनी गोष्ट सांगते की लवणासुर नावाचा दैत्य इथं राहायचा. विष्णूनं त्याला मारलं आणि त्याच्या रक्तानं पाणी खारट झालं. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ त्याच गोष्टीचं आहे. शास्त्रज्ञ सांगतात की आकाशातून उल्का येऊन आदळली आणि काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तिथल्या खडकांत आघाताच्या खुणा सापडल्या, तेव्हा १९७० नंतर हे पक्कं झालं. आधी वय बावन्न हजार वर्षं धरत. पुढच्या तपासणीत ते सुमारे पावणेसहा लाख वर्षं निघालं.

वर काठाला गोड्या पाण्याची धार आहे. तिथं तोंड धुऊन आम्ही खाली उतरलो. वाटेत सीताफळाची झाडं, पडकी देवळं, मोरांचा आवाज. खाली कमळजादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथं बायांची गर्दी असते. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर सांगतात. पाणी ओसरलं तरच ती दिसते. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट! खारट बाजू कुणाची यावर आमच्यात जी चर्चा रंगली, ती रेडिओवर सांगण्यासारखी नाही.

काठावर पांढरा थर वाळलेला होता. आजी वाकली, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या पापडखाराचा भाऊ." बरोबर ओळखलं तिनं. पापडखारात असतो तोच सोडा या पाण्यात आहे. म्हणून पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं.

आणि इथूनच खरा इतिहास सुरू होतो. अकबर बादशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या शेवटी, अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी' लिहिलं. त्यात लोणारबद्दल लिहिलंय की इथं काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि त्यावर सरकारला चांगला महसूल मिळतो. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या तळ्याची नोंद केली. पुढं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आपली परभणी मात्र १९४८ पर्यंत निजामाकडंच राहिली. इंग्रजांनी खाराच्या जातीसुद्धा लिहून ठेवल्या: दल्ला, पापडी, भुसकी.

म्हणजे बादशहाचं नाव राहिलं, साहेबाचं राहिलं, खाराच्या जातींचंही राहिलं. पण बायांनो, खार काही आपल्या पायानं वर चढत नाही. उन्हात चिखलात उभं राहून कुणीतरी तो गोळा केला, वाळवला आणि हा चढ चढून वर आणला. त्यांच्या घामावर महसूल मिळाला. त्यांचं एकही नाव या कागदांत नाही.

नाव राहतं कसं, हेही लोणारच सांगतं. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी इथं राहून गेले. लीळाचरित्रात ते आलंय. त्याच ग्रंथात महदाइसेसारख्या बायांची नावं, त्यांचे प्रश्न, त्यांचं बोलणं आजही वाचायला मिळतं. का? कारण म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारलं, त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि लिहून काढल्या. ज्याला विचारलं जातं, त्याचा इतिहास होतो.

आज त्या तळ्यातून कुणी काही नेत नाही. २००० साली तिथं अभयारण्य झालं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळं जग बघत होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं तो रंग आला होता, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं. त्याच वर्षी रामसर पाणथळ जागांच्या जागतिक यादीत लोणारचं नाव आलं.

परतताना चढ अंगावर आला. दर वीस पायऱ्यांवर थांबायचो. पाण्याच्या बाटलीचंसुद्धा ओझं वाटत होतं. आजी सगळ्यांच्या शेवटी, पण न थांबता वर आली. धारेखाली हात धरून म्हणाली, "लहानपणी विहिरीचं पाणी दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर घेऊन असाच चढ चढायचो. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

त्या दिवशी आम्ही एक ठरवलं. गटाच्या बैठकीच्या वहीत हप्ते आणि व्याज लिहून झालं की मागच्या पानावर दर महिन्याला एका म्हातारीची आठवण लिहायची: काय वाहिलं, कुठून कुठं नेलं, मजुरी काय मिळाली. आमची पहिली नोंद त्या आजीची आहे.

तुमच्या गावातही अशी एखादी चढाची वाट असेल. तिथं काय वाहिलं, ते घरातल्या म्हातारीला आजच विचारा आणि लिहून ठेवा.