दात दाखवा, मग जोडी जुंपा

शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, बैल पळतो ते सगळ्यांना दिसतं. तो कोणत्या गटात पळतोय आणि त्या गटात त्याला कोणी घेतलं, याकडे मात्र बघ्यांचं लक्ष नसतं. केळापूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. हिवाळा आला की पटवाले मला बोलवायचे, ते सुई टोचायला कमी आणि बैलाचं तोंड उघडायला जास्त. म्हणून पटाचा इतिहास मी सांगणार तो नोंदणीच्या टेबलाकडून.

केळापूर हे तालुक्याचं नाव, कचेरी पांढरकवड्याला. इंग्रजी अमलात हा मुलूख वणी जिल्ह्यात होता, १९०५ पासून तोच जिल्हा यवतमाळ म्हणून ओळखला गेला. काळी जमीन, कापूस, दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पल्याड आदिलाबाद. कापसाचे वेचे सरले, तूर घरात आली की पौष-माघात एखादं वावर मोकळं करायचं, ढेकळं फोडायची, फळी फिरवायची आणि पट भरवायचा. वऱ्हाडात मोठं नाव अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं. पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत असतो. आमच्याकडे नाटक नाही, पण नोंदणीच्या टेबलावर जे चालतं त्याला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते.

जुने धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, सांगायचे की त्यांच्या लहानपणी गटबिट काही नव्हतं. काल वखराला होती तीच जोडी आज छकड्याला. शेजारी दुसरी जोडी उभी करायची, पुढे गेली ती जिंकली. बक्षीस म्हणजे पागोटं, फार तर एखादं भांडं. बैल बहुतेक गवळाऊ, वर्धा-नागपूरकडचे, पांढरे, अंगाने सडपातळ आणि पायाने हलके. मराठ्यांच्या काळापासून ही जात वेगाच्या गाड्यांसाठी नावाजलेली. असा बैल आठवडाभर शेतात राबायचा आणि एक दिवस पळायचा. सगळेच कामाचे बैल, त्यामुळे कोण पात्र हा प्रश्नच नव्हता.

बक्षीस रोख झालं तसा हा प्रश्न उभा राहिला. पागोट्यासाठी कोणी दुसऱ्या जिल्ह्यातून बैल आणत नाही, मोटारसायकलसाठी आणतो. मग ज्यांच्या मानेवर कधी जू घासलं नाही असे पटाचेच बैल आले. त्यांना दूध, अंडी, उडदाचं पीठ, अंगाला रोज मालिश. अशा जोडीपुढे कोलाम आदिवासीच्या पोडावरची नांगराची जोडी काय टिकणार? दोन-तीन वर्षं हरली की तो माणूस येणंच बंद करायचा. बघ्यांची गर्दी राहिली, पण गावच्या जोड्या घटल्या. तेव्हा मंडळांनी शहाणपणाने गट पाडले. बाहेरच्यांसाठी खुला जनरल गट, मग तालुक्याचा, आणि शेवटी गावगट, जिथे बैलही गावचा आणि मालकही गावचा. लहान गोऱ्ह्यांसाठी दातावरून वेगळा गट.

दाताचं शास्त्र सोपं आहे, भांडणं अवघड. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. आठही दुधाचे असेपर्यंत तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की मधले दोन पडतात आणि त्यांच्या जागी रुंद, पक्के दोन येतात, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि साडेचार वर्षांच्या आसपास आठही पक्के झाले की जुळला. जन्माचा दाखला बैलाकडे नसतो, तोंड असतं. आता ज्या गोऱ्ह्याचे मधले दोन पडले, पण पक्के अजून हिरडीतून वर आले नाहीत, तो कोणता? मालक म्हणणार आदत, विरोधी पार्टी म्हणणार दोनदाती. मी नियम केला होता की बोटाला पक्क्या दाताची धार लागली तर दोनदाती, नाही लागली तर आदत. या बोटाने मी शिव्याही खाल्ल्या आणि रबडीही. एकाने तर दुधाचा दात खाली पडला म्हणून तो कागदात बांधून पुरावा म्हणून आणला होता. दात खरा होता, पण त्या गोऱ्ह्याचा नव्हता, वासराचा होता.

दुसरं भांडण जोडीचं. उजवा बैल एकाचा आणि डावा पाहुण्याकडून उसना आणला, तर जोडी कोणत्या गावची? नदीपल्याडच्या आदिलाबादकडच्या सोयऱ्याचा बैल तालुक्याच्या गटात चालेल का? आणि सगळ्यात चिवट प्रश्न म्हणजे सकाळी गावगटात पळालेला बैल दुपारी दुसऱ्या जोडीत, जनरलमध्ये पळू शकतो का? बऱ्याच पटांवर उत्तर एकच असायचं, एक बैल, एक गट. धुरकऱ्याची जात कोणी विचारत नसे, हेही सांगायला हवं. ढाल मात्र मालकाच्या घरी जायची.

हे दुखणं आमच्याच बैलांचं आहे असं समजू नका. गोल्फसारख्या श्रीमंतांच्या खेळातही सारा झगडा कोणाला खेळू द्यायचं याचाच. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेने सभासदत्व फक्त गोऱ्यांनाच असं घटनेत लिहून ठेवलं होतं, ते १९६१ मध्ये निघालं. २०२२ साली सौदी पैशाच्या लिव्ह स्पर्धेत खेळले म्हणून पीजीए टूर या अमेरिकी स्पर्धामालिकेने आपल्या खेळाडूंना निलंबित केलं. तिथेही एक बैल, एक गटच. आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फला जागा साठ. क्रमवारीत पहिल्या पंधरात नसेल तर एका देशाचे दोनच. पुण्याचा उदयन माने त्या यादीबाहेर होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतली म्हणून तो आत आला. आमच्या पटावरही एखादी जोडी लंगडली की यादीतली पुढची जुंपतात.

मग कोर्टाने मुळावरच बोट ठेवलं. आम्ही वर्षानुवर्षं विचारत होतो की हा बैल कोणत्या गटाचा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीची नाहीच. एका निकालात अख्खी जात अपात्र. पट बंद झाले. पुढच्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, त्यामुळे पटाच्या बैलाला मैदानही उरलं नाही आणि म्हातारपणी गिऱ्हाईकही. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तर मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. बैल पळू शकतो हे दाखवायला सरकारने समिती नेमून अहवाल करून घेतला. आमच्या चौकात त्यावर लोक पोट धरून हसले. मी नाही हसलो. पराणी टोचलेले, शेपट्या पिरगाळून सोललेले बैल मी हाताने धुतले आहेत, आणि ते करणारे माझ्याच ओळखीचे होते. कोर्टाला कोणीतरी हे सांगितलं, बरं झालं.

१६ डिसेंबर २०२१ रोजी बंदी उठली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांची ठेव, धाव हजार मीटरच्या आत, पशुवैद्यकाचा दाखला, चाबूक नाही, पराणी नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम चांगले आहेत. बैलाला त्यांनी जे दिलं ते आम्ही गाववाल्यांनी आपणहून कधी दिलं नव्हतं.

पण या नियमात गरिबाच्या जोडीसाठी एक ओळ नाही, आणि ती सरकारने लिहावी अशी अपेक्षाही नाही. ते काम मंडळांचं. परवानगीचा आणि मंडपाचा खर्च वाढला, म्हणून काही मंडळं मोठ्या प्रवेश फीच्या जनरल गटावरच पट उरकतात आणि गावगट शेवटच्या दिवशी ऊन उतरताना कसाबसा घेतात, नाहीतर पत्रकातून गाळूनच टाकतात. ट्रॅक्टर आल्यावर गावात जोड्या उरल्यात किती! ज्याच्याकडे अजून आहे त्याला पटावर जागा दिली नाही, तर पुढच्या पोळ्याला तोरणाखाली उभं कोण करणार?

म्हणून पट भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. गावगट पहिल्या दिवशी सकाळी घ्या, त्याला प्रवेश फी ठेवू नका, आणि त्याचं बक्षीस पत्रकावर सगळ्यात वर छापा. दात तपासायला माणूस मिळत नसेल तर निरोप द्या. मी पांढरकवड्यातच असतो.