सोन्या मारुतीवरून आत

गेल्या वर्षी श्रावणात घडलेली गोष्ट. दुकानाच्या सुट्टीचा वार होता, त्यामुळे दादा धायरीच्या घरी पेपर वाचत बसला होता. इतक्यात खालून वॉचमनचा फोन आला, "काका, दोन पाहुणे आलेत. तांब्याचं घंगाळ बघायचंय म्हणतात."

दादा चक्रावला. आमचं भांड्यांचं दुकान रविवार पेठेत, वडिलांच्या वेळेपासून. धायरीच्या सोसायटीत घंगाळ शोधत कोण येणार? खाली गेला तर वाकडहून आलेलं एक तरुण जोडपं गाडीपाशी उभं. मोबाइलमधल्या नकाशावर दुकानाचं नाव होतं आणि खूण बरोबर सोसायटीच्या फाटकावर होती! दादाने त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पत्ता समजावला. "सिटी पोस्टावरून सरळ या, सोन्या मारुतीवरून आत वळा आणि पुढे कुणालाही विचारा." तो मुलगा अगदी आदराने म्हणाला, "काका, लोकेशन पाठवता का?" ते काही दादाला जमेना. जोडपं निघून गेलं आणि रात्री दुकानाच्या नावाखाली एक चांदणी आणि एक ओळ उमटली, 'असे दुकान अस्तित्वात नाही.'

त्या एका ओळीने दादाला दोन रात्री झोप लागली नाही. एक तर तो वाडा आता पडायला आलेला. बिल्डरचा माणूस दर महिन्याला येऊन 'काय ठरवलंत' म्हणून विचारून जातो. दुकान ठेवायचं की सोडायचं, हा घोळ त्याच्या मनात चालूच होता. त्यात हे. मला फोन करून म्हणाला, "बेबी, लोकांनी तर आधीच बंद करून टाकलं बघ." (सत्तरी उलटली तरी मी बेबीच!)

चूक कुणाची? आमचीच. २०१७ साली माझ्या भाच्याने हौसेने दुकानाची नोंद गूगलच्या नकाशावर केली होती. त्या वेळी खात्री करण्यासाठी पोस्टाने एक कार्ड यायचं आणि त्यावर पाच आकडी क्रमांक असायचा. दुकानात कार्ड हरवेल म्हणून पठ्ठ्याने घरचा पत्ता दिला. कार्ड धायरीला आलं, खूण धायरीला बसली आणि आम्ही सगळे विसरून गेलो. वेळ भरलेली नाही, सुट्टीचा वार भरलेला नाही, फोटो एकच आणि तोही भाच्याच्या मोटरसायकलचा.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची मुळं खणत बसायची खोड काही जात नाही. पत्ता म्हणजे काय, हाच विचार मी त्या आठवड्यात करत होते.

आपल्या पुण्यात पत्ता सांगायचं काम शतकानुशतकं देवांनी केलं आहे. पण गंमत अशी की त्या देवांना नावं दिली ती दुकानांनी! पासोड्या विठोबा का, तर देवळाभोवती पासोड्या विकणारे बसत. सोन्या मारुती सराफांच्या वस्तीतला. जिलब्या मारुतीला म्हणे शेजारचा हलवाई जिलब्यांची माळ घालायचा. आणि सगळ्यांत मोठं उदाहरण दगडूशेठ हलवायांचं. मिठाईच्या धंद्यातल्या माणसाचं नाव गणपतीला लागलं आणि आज अख्ख्या महाराष्ट्राला तो पत्ता ठाऊक आहे. धंद्यामुळे देवाला नाव, देवामुळे चौकाला नाव आणि चौकामुळे पुन्हा पुढच्या दुकानाला पत्ता. दुसरी पाटी हवी कशाला?

वडिलांच्या जुन्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. उधारीच्या पानावर गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'नागनाथपारामागे, वर माडीवर' किंवा 'भिकारदास मारुतीजवळचे मास्तर' एवढाच पत्ता. घर क्रमांक एकाही ठिकाणी नाही. पेठेतला घर क्रमांक घेऊन कुणी घर शोधलं आहे का? एका वाड्याचा आकडा आणि शेजारच्याचा आकडा यांची ओळखही नसते.

सरकारला मात्र आकडे लागतात, आणि त्यालाही कारण आहे. एकाच नावाची गावं शेकड्यांनी, त्यात प्रत्येक जण आपापल्या भाषेत आणि आपापल्या अक्षरात पत्ता लिहिणार. टपाल वेगळं करणाऱ्यांचे हाल व्हायचे. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याहून मोठे संस्कृतचे कवी आणि नाटककार. वर्गात मी हे मुद्दाम सांगत असे, कारण 'संस्कृत घेऊन पुढे काय करायचं' असं विचारणारा एक तरी पालक दरवर्षी भेटायचाच. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्यापर्यंत आलं की टपाल वेगळं करणारा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. रविवार पेठ ४११००२. भाच्याचं ते कार्ड याच आकड्यांच्या वाटेने धायरीला पोचलं होतं. वेलणकरांची पद्धत चोख होती, आम्हीच तिला चुकीच्या घरी पाठवलं.

पण पिनकोड पोस्टमनसाठी, गिऱ्हाइकासाठी नव्हे. गिऱ्हाइकासाठी परदेशात याद्या निघाल्या. लंडनच्या व्यापाऱ्यांची नावपत्त्यांची छापील यादी थेट १६७७ सालची आहे. पुढे टेलिफोन आल्यावर अमेरिकेत धंद्यांप्रमाणे नावं लावलेली पिवळी पानं निघाली. त्यात अक्षरानुक्रमे आधी यावं म्हणून लोक दुकानाच्या नावाला पुढे ए, डबल ए, ट्रिपल ए लावायला लागले. आपल्याकडची 'ए-वन' दुकानं आठवा. माणसाची युक्ती सगळीकडे सारखीच!

गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये आला. त्याचं मूळ सिडनीतल्या एका छोट्या कंपनीत, रासमुसेन बंधू आणि त्यांचे दोन साथीदार यांच्या कामात. ती कंपनी गूगलने २००४ मध्ये घेतली होती. भारतात मात्र त्यांची पंचाईत झाली, कारण आपल्या गल्ल्यांचे तपशीलवार नकाशे सहज मिळण्यासारखे नव्हते. मग २००८ मध्ये लोकांनाच आपापले रस्ते, देवळं, दुकानं आखायला दिली. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली, पण तोवर पुष्कळ गावं लोकांनी स्वतः नकाशावर आणली होती. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे २००९ च्या डिसेंबरात भारतातल्या नकाशाने रस्त्याच्या नावाऐवजी खुणा सांगायला सुरुवात केली. अमक्या पंपाच्या पुढे, तमक्या देवळापाशी वळा. सातासमुद्रापलीकडच्या यंत्राला शेवटी सोन्या मारुतीवरूनच आत वळावं लागलं.

मग दादाची वाट तुटली कुठे? पत्ता बदलला नाही, गिऱ्हाईक बदललं. वाडे पडले, माणसं कोथरूड, सिंहगड रस्ता, वाकड अशी पांगली. पूर्वी सासू सुनेला घेऊन यायची, पुढे ती सून आपल्या सुनेला घेऊन यायची, आणि दुकानाचा पत्ता आपोआप पुढच्या पिढीत जायचा. आता सून एकटी येते, हातात मोबाइल घेऊन. 'कुणालाही विचारा' म्हणावं तर ज्याला विचारायचं तोही बाहेरचाच असतो.

तर आम्ही तिघे बसलो, दादा, भाचा आणि मी. भाच्याने सांगितलं की गूगल स्वतःच तीन गोष्टी पाहतं म्हणे. शोधणाऱ्याला हवं ते दुकानात आहे का, दुकान किती लांब आहे, आणि त्याचा बोलबाला किती आहे. वरचा नंबर पैसे भरून मिळत नाही. पहिली गोष्ट आमच्या हातातली होती आणि तीच आम्ही भरलेली नव्हती.

दुकानाचं नाव भाच्याने काय केलं होतं बघा, मूळ नावापुढे 'बेस्ट कॉपर ब्रास पूजा आयटम्स स्वस्त पुणे'. जुना ट्रिपल एच तो! नियमात पाटीवर असेल तेच नाव लिहायचं असतं, नाहीतर नोंद काढूनही टाकतात. दादाने ते पहिल्यांदाच वाचलं. "स्वस्त?" एवढंच म्हणाला. भाच्याने निमूटपणे पुसलं.

मग दुकानाचा प्रकार. तयार यादीतून निवडायचा असतो. भांडी मिळाली, पूजेचं सामान मिळालं, कल्हई काही आम्हाला सापडली नाही. मात्र सेवांमध्ये आपल्या शब्दांत लिहिता येतं. तिथे दादा एकेक सांगत गेला आणि मी लिहीत गेले. कल्हई, मठारकाम, बंबाची नळी बदलणे, समईचा पाय जोडणे, घंगाळाच्या कड्या बसवणे. इतकी वर्षं त्या घरात वाढले, पण आमच्याकडे काय काय होतं याची यादी मी जन्मात पहिल्यांदा केली. मराठीत लिहिलं, भाच्याने इंग्रजीतही लिहिलं, कारण लोक दोन्ही तऱ्हांनी शोधतात. वर्णनाला साडेसातशे अक्षरांची मर्यादा. निबंध तपासण्यात हयात गेली, पण काटछाट करताना घाम फुटला.

वेळेवरून मात्र भांडण झालं. भाचा म्हणे, सकाळी दहा ते रात्री आठ लिहू. दादा म्हणे, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, खोटं लिहायचं नाही. भाच्याचं म्हणणं, हसतात लोक पुण्याला. मी दादाच्या बाजूने. हसतील ते हसतील, पण उन्हात येऊन बंद कुलूप बघणारा हसत नाही. दिवसाला दोन वेळा वेगवेगळ्या भरता येतात, तशा भरल्या.

खूण हलवायचं काम दादाने स्वतः केलं. पडद्यावर पेठेचं वरून घेतलेलं चित्र, नुसते पत्रे आणि गच्च्या. मला काही उमगेना. दादा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "हा निळा कागद टाकलाय ना, ती गळकी बाजू. त्याच्या डावीकडे घे. अजून जरा. आता थांब, ही नानांची पायरी." नाना म्हणजे आमचे वडील. ते त्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे.

त्या एका चांदणीला उत्तरही दादानेच लिहिलं, पोस्टकार्डावर लिहितात तसं. 'आपणांस झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत. चूक आमची आहे. पुन्हा आलात तर चहा आमच्याकडे.' मी फक्त एक अनुस्वार दुरुस्त केला. भाच्याचा एक मित्र पन्नास चांगले शेरे मिळवून देतो म्हणत होता, त्याला दादाने हाकलला.

पत्ता बदलला म्हणून पुन्हा खात्री करून द्यायची होती. या वेळी कार्ड नाही, मोबाइलवर चित्रण मागितलं. आजूबाजूचा रस्ता दाखवा, पाटी दाखवा आणि दुकान तुमचंच आहे हे दिसेल असं काही करून दाखवा. सकाळी दहाच्या आधी आम्ही तिघे गेलो. भाच्याने सोन्या मारुतीपासून चालत चित्रण घेतलं, मग पाटी घेतली. दादाने बंडीच्या खिशातून नानांच्या वेळची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि फळ्या एकेक करून उतरवून भिंतीला लावल्या. भाचा कुजबुजला, "बाबा, एवढं पुरे." दादा थांबला नाही. आत जाऊन त्याने दिवा लावला, गादी झटकली, नानांच्या फोटोला हार घातला आणि मग गल्ल्यामागे बसून मोबाइलकडे बघत म्हणाला, "या."

नोंद झाली. गर्दी वगैरे उसळली नाही, उगीच कशाला सांगू. पण फोन येतात. वाकडचं ते जोडपं काही परत आलं नाही, मात्र बाणेरहून एक मुलगी आजीचं पिचलेलं घंगाळ घेऊन आली आणि दादाने ते ठोकून नीट करेपर्यंत पायरीवर बसून राहिली. बिल्डरच्या माणसाला दादाने दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. धनत्रयोदशीला दुकान दुपारी बंद नसतं, तेवढी त्या दिवसाची वेळ वेगळी भरायला त्याने भाच्याला दोनदा आठवण केली.