काडतूस घरी भरण्याचा छंद : आपल्याकडचा कायदा आणि आपल्याकडची वाट

परदेशी मुलांकडे जाऊन आलेले काही सभासद एक गोष्ट कुतूहलाने सांगतात. अमेरिकेत शिकारीच्या सामानाच्या दुकानात काडतुसे पुन्हा भरण्याची यंत्रे उघड्यावर विकायला असतात आणि लोक गॅरेजमध्ये बसून हा छंद करतात. आपल्याकडे बेळगाव-निपाणी भागात तो सुरू करता येईल का, असा प्रश्न दोघातिघांनी विचारला, म्हणून ही माहिती.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी (प्राइमर), आत बंदुकीची दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू व गोळी खर्ची पडतात. पुंगळी तेवढी शिल्लक राहते. बार उडताना पितळ फुगून नळीला घट्ट बसते आणि दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून ती पुंगळी पुन्हा मापात आणून भरता येते. खर्च वाचतो, शिवाय प्रत्येक काडतूस एकसारखे भरले तर नेमही सुधारतो. छंदाचे मूळ एवढेच. दारूच्या मापात चूक झाली तर मात्र बंदूक हातातच फुटू शकते.

आता कायदा. शस्त्र कायदा, 1959 मधील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा येतात. कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आपल्या घरातला परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. बनवण्याचा परवाना ही संपूर्ण वेगळी बाब. बचत खाते आहे म्हणून कोणी नोटा छापायला बसत नाही, तसेच हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षे कैद असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. तेव्हा परतताना बॅगेतून असले यंत्र किंवा त्याचे भाग आणू नयेत. आठवण म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा नको. विमानतळावर तपासणीत सापडली की खुलासे देता देता विमान निघून जाते.

खानापूर, चंदगडकडचे वाचक म्हणतील, आमच्याकडे ठासणीची बंदूक हातानेच भरतात की! खरे आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी दिलेल्या परवान्यावर दारू, छर्रे आणि टोपी वेगवेगळी घेऊन नळीत ठासतात. पण तो त्या बंदुकीच्या वापराचाच भाग झाला आणि दारूही परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर लिहिलेल्या मापात घ्यावी लागते. बारा बोअरची रिकामी पुंगळी घरी भरणे त्यात बसत नाही. ती काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. हा कारखाना 1869 चा असून 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

सीमाभागात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. परवाना एका राज्यापुरता असेल तर कोगनोळी ओलांडून कागलकडे बंदूक नेणे म्हणजे परवान्याबाहेर जाणे. आपली सोयरीक, शेती दोन्हीकडे असते, पण परवान्याला ते नाते कळत नाही. त्यावरील क्षेत्राचा रकाना वाचावा.

यापेक्षा निकडीचा विषय म्हणजे वडील-आजोबांच्या कपाटात राहिलेली काडतुसे. परवानाधारक वारल्यानंतर बंदूक व काडतुसे तशीच ठेवणे बेकायदेशीर ठरते. कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. 2016 च्या नियमांनुसार धारकाचे वय 70 झाले किंवा बंदूक 25 वर्षे त्याच्याकडे असली, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. नॉमिनेशनसारखे हे काम वेळेत उरकावे. बँकेत पहारेकऱ्याच्या काडतुसांचीही नोंदवही असायची आणि मोजणीत एक कमी भरले तरी सगळी शाखा अस्वस्थ व्हायची. घरच्या काडतुसांकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

मग ज्याला नेमाची गोडी आहे त्याने काय करावे? 4.5 मिलिमीटरची, 20 जूलपर्यंत शक्तीची एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. दहा मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. स्पर्धेत 60 नेम 75 मिनिटांत धरायचे. निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवरचे कोल्हापूर तर नेमबाजांचे गावच. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य.

तेजस्विनी आणि स्वप्नील ज्या .22 रायफलीवर जिंकले, तिचे काडतूस घरी भरताच येत नाही. त्याला वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठात भरलेले असते आणि घोड्याच्या घावाने तो काठ चेपतो. त्यामुळे असे नेमबाज कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जी खेप त्या नळीला मानवते तीच घेतात. नवशिक्याने मात्र आधी साधी एअर रायफल घेऊन, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, उभे राहून श्वास आवरायला शिकावे. पहिले काही महिने त्यातच जातात.