संघटना शिकावी लागते

श्रोतेहो, ‘आपल्याकडे माणसे एक होत नाहीत’ ही तक्रार चावडीवर नेहमी ऐकू येते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. माणसे एक होतात, पण टिकत नाहीत. टिकायचे कसे, हे शिकावे लागते. जुन्नर-आंबेगावच्या मातीतलीच दोन उदाहरणे देतो. पाहा पटते का.

पहिले आंबेगावचे. जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी समाजातला वजनदार गडी. सावकारी खतांपायी डोंगरातल्या माणसांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १८७३ साली त्याने टोळी उभारली. पुणे, नाशिक आणि नगर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात सावकारांची झोप उडाली; काहींची तर नाके कापली गेली. सरकारने होन्यावर १,००० रुपयांचे बक्षीस लावले. १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडले आणि बंड ओसरले. होन्या धैर्याला उणा नव्हता. पण सारे बळ एका माणसाभोवती गोळा झाले होते. तो गेला की मागे काय उरणार?

दुसरे जुन्नरचे, १८८४ च्या सुमाराचे. तिथल्या शेतकऱ्यांनी ठरवले, की सावकारांच्या जमिनी आपण कसायच्या नाहीत. नांगर घरी, बैल गोठ्यात आणि सावकाराचे रान पडीक! आता सांगा, सरकारने बक्षीस लावायचे तरी कोणाच्या डोक्यावर?

दहा वर्षांत हा फरक कशाने पडला? होन्याने टोळी उभारली त्याच साली, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याचे वारे जुन्नर, ओतूरपर्यंत पोचले. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांच्यासारखी गावची माणसे कामाला लागली. समाजाचे सभासद नेमाने बैठका घेत, कामाचा अहवाल छापीत. निबंधाच्या आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा लावून बक्षिसे देत. चारचौघांत उभे राहून बोलणे ज्यांच्या घराण्यात कोणी केले नव्हते, अशांसाठी ती एक शाळाच होती.

याच शाळेत नारायण मेघाजी लोखंडे तयार झाले. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातले कन्हेरसर हे त्यांचे मूळ गाव. ते मुंबईत एका गिरणीत भांडारपाल होते. १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. तिथे मागण्या ठरल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत आणि अपघात झाल्यास भरपाई. त्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. कागद तसाच राहिला. पण माणसे पांगली नाहीत. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले आणि दोन कामगार बायका व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साडेपाच वर्षांहून अधिक काळ धरलेला दम तो!

गावाला आणि गिरणीला लागणारी विद्या एकच, हे आता ध्यानात आले असेल. मागणी मोजकी नि स्पष्ट असावी. ती सर्वांसमोर ठरावी. वर्गणीचा हिशेब लिहिलेला असावा. आणि पुढारी आजारी पडला, फुटला वा पकडला गेला, तरी सभा चालवणारे दुसरे चौघे तयार असावेत. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले आणि त्यांची कामगार संस्थाही मंदावली, हेही विसरून चालणार नाही. पुढची फळी तयार करायला तेही पुरे पडले नाहीत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. शाळेत मुलांची सभा भरवा. अध्यक्ष दर वेळी नवा असू द्या, इतिवृत्त मुलींनाही लिहू द्या आणि मागच्या बाकावरच्या पोराला आधी बोलू द्या. ग्रामसभेत आज माना खाली घालून बसणाऱ्यांची पुढची पिढी तिथेच बोलायला शिकेल. होन्याचे धैर्य आपल्या मातीत आहेच. त्याच्या जोडीला सभेची वही ठेवू या.