ज्युबिली आणि क्षमा

आमच्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असतां ज्युबिली हा शब्द सर्वांच्या मुखीं आहे. देवळास रंग लागला, पताका चढल्या, माहेरवाशिणी परतल्या. परंतु या शब्दाच्या मुळाशीं क्षमा आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. म्हणून त्याचा पूर्वेतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इब्री भाषेंत योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणारें ५० वें वर्ष पवित्र मानावें. दारिद्र्यामुळें विकलेलें शेत मूळ कुळास परत मिळावें, आणि जो परक्याच्या घरीं राबत असेल त्यानें आपल्या माणसांत परतावें. हें शिंग फुंकावयाचें तें प्रायश्चित्ताच्या दिवशीं, सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीस. आधीं देवाची क्षमा मागावी, मग शेजाऱ्यास मोकळें करावें, असा हा क्रम आहे.

ख्रिस्तसभेस हा क्रम पाळणें नेहमींच सोपें गेलें असें नाहीं. इ. स. २५० च्या सुमारास बादशहा डेसियस यानें सर्व प्रजेनें देवतांस बलि अर्पावा असा हुकूम काढला. कित्येकांनीं नकार देऊन तुरुंग व मरण पत्करलें. परंतु पुष्कळांनीं जिवाच्या भयानें बलि दिला, आणि कांहींनीं पैसे चारून बलि दिल्याचे खोटे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर हेच लोक परत येऊं लागले. ज्यांचे आप्त तुरुंगांत मेले, त्यांनीं या दाखलेवाल्यांच्या शेजारीं कसें बसावें? रोममधील विद्वान धर्मगुरु नोव्हेशियन याचें म्हणणें, अशांस ख्रिस्तसभेनें कधींच परत घेऊं नये. उलटपक्षीं कार्थेजचे महागुरु संत सिप्रियन यांनीं २५१ सालीं धर्मपरिषद भरविली. केवळ दाखला घेतलेल्यांस लौकर, व प्रत्यक्ष बलि दिलेल्यांस दीर्घ प्रायश्चित्तानंतर, निदान मरणसमयीं तरी, परत घ्यावें असें तींत ठरलें. रोमचे महागुरु संत कॉर्नेलियस यांनींहि तोच मार्ग धरिला. पाप लहान लेखलें नाहीं, पण दारहि बंद केलें नाहीं. पुढें नव्या छळाचीं चिन्हें दिसतांच, प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांस बळ मिळावें म्हणून मुदत संपण्यापूर्वींच परत घेण्यांत आलें.

इ. स. १३०० च्या आरंभीं रोममध्यें यात्रेकरूंची दाटी झाली, तेव्हां पोप आठवे बॉनिफस यांनीं २२ फेब्रुवारी रोजीं पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें. पश्चात्तापपूर्वक पापनिवेदन करून रोमकरांनीं ३० दिवस व परक्यांनीं १५ दिवस संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांस भेट द्यावी, म्हणजे पापांच्या शिक्षेची पूर्ण माफी मिळेल, असें त्यांनीं घोषित केलें. परंतु इतिहास लिहावयाचा तर पुढील गोष्टहि लिहिली पाहिजे. कोलोन्ना या प्रबळ घराण्यानें त्यांची निवडच अमान्य केली होती. त्या घराण्यास या माफींतून वगळण्यांत आलें. ७ सप्टेंबर १३०३ रोजीं त्याच घराण्यांतील शारा कोलोन्ना फ्रान्सच्या राजाच्या माणसांसह अनान्यी येथें पोपांच्या वाड्यांत शिरला व त्यांस कैद केलें. गांवकऱ्यांनीं त्यांची सुटका केली, तथापि पुढील महिन्यांत ते वारले. कोणाचा दोष किती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. साऱ्या जगासाठीं दार उघडून एक घर बाहेर ठेवलें, तर वैर त्या दाराशींच बसून राहतें, एवढेंच म्हणतों.

आतां आमच्या काळांतील गोष्ट. १३ मे १९८१ रोजीं संत पेत्राच्या चौकांत पोप दुसरे जॉन पॉल यांजवर मेहमत अली आजा यानें गोळ्या झाडिल्या. चारच दिवसांनीं रुग्णशय्येवरून त्यांनीं त्यास क्षमा केल्याचें जाहीर केलें, आणि २७ डिसेंबर १९८३ रोजीं ते तुरुंगांत जाऊन त्याच्याजवळ बसले. आजाची शिक्षा मात्र चालूच राहिली. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनीं त्यास माफी दिली ती २००० सालीं. म्हणजे न्याय आपल्या मार्गानें चालतो, व क्षमा त्याची वाट पाहत थांबत नाहीं.

वाचकहो, आमच्या गांवींहि हातभर बांधावरून, सामाईक विहिरीवरून, वडिलांच्या मृत्युपत्रावरून सख्खे भाऊ अबोला धरून आहेत. एकाच मिस्सेस येतात, पण शांतीच्या वेळीं मान वळवितात. हक्क सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. मोजणी व्हावी, कोर्टानें निकालहि द्यावा. परंतु त्यासाठीं भावाच्या आजारीपणांत त्याच्या दारीं न जाणें आवश्यक आहे काय? अर्पण वेदीपाशीं ठेवून प्रथम बंधूशीं समेट करावयास प्रभूनें सांगितलें आहे. महोत्सवाच्या मिस्सेपूर्वीं पापनिवेदनास आम्ही बसणार आहोंच. तेथें येण्याआधीं शेजारचा उंबरा ओलांडावा. तें धैर्य परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.