ठराव इथला, थैली वरची

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मोठी कामे झाली, पण ती करायची की नाही हे किनाऱ्यावर क्वचितच ठरले. 1869च्या कायद्याने लोकल फंडाची पट्टी बसली, शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा. पैसा इथल्याच खातेदारांचा, पण वाटणी वरून ठरलेली: दोन हिस्से रस्त्यांना, एक शाळांना. एवढ्यात पाणंद सुधारते, एखादा साकव होतो. सावंतवाडी संस्थानातून चढणारा आंबोली घाट बांधून होत नाही. तो सरकारने बांधला आणि बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरू लागला. 1876 साली गावाला नगरपालिका मिळाली. मग 1880च्या दशकाअखेरीस मुरगावची रेल्वे सह्याद्री चढली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. रेल्वेचा तह इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत झाला होता. बसायची वेळ आली ती वेंगुर्ल्याच्या गाडीवानावर आणि अडत्यावर.

यावर म्हणतात, बंदर-घाटाचा पसारा छोट्या नगरपालिकेला कसा पेलणार? तिच्याकडे ना इंजिनिअर, ना पैसा. खरे आहे, पण पैसा का नव्हता, हेही विचारायला हवे. 1914च्या कायद्याप्रमाणे कर्ज काढायचे तर सरकारची मंजुरी हवी. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात सहायक अनुदान आले. घरपट्टी-पाणीपट्टीवर रोजचा गाडा कसाबसा चालतो. तेव्हा सभागृहाचा ठराव म्हणजे बहुधा वरच्या योजनेला जोडायचा कागद. प्रशासकीय मान्यता वर, देखभाल-दुरुस्ती मात्र खाली. कुवत नाही म्हणून अधिकार द्यायचे नाहीत आणि अधिकार नाहीत म्हणून कुवत येत नाही, असा हा दीडशे वर्षांचा घोळ आहे.

वेंगुर्ल्यानेच त्याला छेद दिला, तोही कचऱ्यात! 2015 नंतर नगरपालिकेने डंपिंग ग्राउंडच्या जागी प्रकल्प उभा केला. कचरा सत्तावीस प्रकारांत वेगळा होऊ लागला, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. मुख्याधिकारी तर सरकारनेच नेमलेला होता, असे कुणी म्हणेल. नेमलेला होताच. पण माशाचे काटे एका डब्यात आणि दुधाची पिशवी दुसऱ्यात, हे घराघरातल्या माणसांना रोज करावे लागले, आणि प्रकल्प चालवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांनीच तो किती मोठा असावा हे ठरवले. आंबोली घाटाच्या वेळी ही सोय नव्हती; आजही मोठ्या कामांच्या वेळी ती सहसा नसते.