साक्षीदार कोठें गेला?

न्यायाच्या इतिहासांत निकाल सर्वांस आठवतात. साक्षीदार मात्र विस्मृतींत जातात. आर्जेन्टिनांतील ला प्लाता शहराचा एक प्रसंग याला अपवाद आहे.

हुलिओ लोपेस हा साधा गवंडी. १९७६ सालीं लष्करी राजवटींत त्याला पळवून गुप्त छावण्यांत डांबण्यांत आलें; तेथें त्याचे अनन्वित हाल झाले. १९७९ सालीं तो सुटला. पुढें अपराध्यांस संरक्षण देणारे कायदे रद्द झाले, आणि २००६ सालीं ब्वेनोस आयरेस प्रांताच्या पोलीस तपास-विभागाचा माजी प्रमुख एचेकोलात्स न्यायासनापुढें उभा राहिला. लोपेसनें निर्भयपणें साक्ष दिली. १८ सप्टेंबरला तो नाहींसा झाला. दुसऱ्याच दिवशीं आरोपीस जन्मठेप झाली. ती ऐकावयास साक्षीदार नव्हता.

शोधाचें काम प्रारंभीं त्याच प्रांताच्या पोलिसांकडे गेलें. वृद्ध मनुष्य धास्तीनें भ्रमिष्ट होऊन वाट चुकला असावा, असा तर्क पुढें आला. ज्या खात्याच्या कृत्यांविरुद्ध साक्ष झाली, त्यानेंच साक्षीदार शोधावा, हें लोकांस कसें पटावें? हजारों नागरिक रस्त्यावर आले. २०१४ सालीं दुसऱ्या एका खटल्याच्या निकालावेळीं एचेकोलात्सच्या हातांतील चिठ्ठीवर लोपेसचें नांव छायाचित्रकारांनीं टिपलें. २०२२ सालीं एचेकोलात्स मरण पावला. लोपेसचा ठाव मात्र लागलेला नाहीं.

लोकांच्या अविश्वासाला अधिकारी पुष्कळदां अज्ञान म्हणतात. येथें तो अनुभवाचा निष्कर्ष होता. साक्ष मागणाऱ्या राज्यानें साक्षीदाराच्या जीविताची हमी घेतली नाहीं, तर पुढच्या खटल्यांत पिंजऱ्यांत उभें राहण्यास कोण धजेल?